अंगणातला तामण आणि त्याचे परके नाव

वैशाखात अंगणाला रंग हवा म्हटले की आपण गुलमोहर लावतो. तो मूळचा मादागास्करचा. त्याच दिवसांत कोकण-गोमंतकात ओढ्याकाठी जांभळ्या तुऱ्यांनी भरून जाणारा तामण मात्र कुंपणाबाहेरच राहतो. महाराष्ट्राच्या राज्यपुष्पाचा मान त्याला आहे. तरी त्याच्या शास्त्रीय नावात या भूमीची खूण नाही.

स्वीडनच्या लिनिअसने १७५९ साली तामणाच्या एका धाकट्या भावंडाला ‘लागरस्ट्रोमिया इंडिका’ म्हटले. लागरस्ट्रोम हा स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक. लिनिअसला तो पूर्वेकडील वनस्पतींचे नमुने मिळवून देई. गंमत अशी, की ‘इंडिका’ म्हणून मिरवणारे ते झुडूप मुख्यतः चीनकडचे! पुढे आपला तामणही याच कुळनावाखाली गेला.

पण लिनिअसच्या कितीतरी आधी तामणाची नोंद झाली होती. कोचीनचा डच अधिकारी व्हान र्‍हीड याचा ‘होर्टुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ पासून आम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्यात तामण ‘अडांबो’ या मलबारी नावाने सचित्र आला आहे. ग्रंथामागे इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याचे ज्ञान होते. तसेच रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन कोंकणी वैद्यांचेही. या तिघांनी १६७५ मध्ये लिहून दिलेले प्रमाणपत्र नागरी लिपीत, कोंकणी भाषेत, त्या लॅटिन ग्रंथाच्या आरंभी छापलेले आहे. गोमंतकीय वाचकाने ते पान एकदा अवश्य पाहावे. ज्यांनी झाडे ओळखून दिली, त्यांच्यापैकी कोणाचेही नाव तामणाला मिळाले नाही. मिळाले ते जहाजी व्यापाऱ्याचे.

आता लावणीविषयी. थंडीत बोंडे वाळून तडकतात आणि पंख असलेले बी वाऱ्यावर उडून जाते. म्हणून तडकण्यापूर्वीच बोंडे काढावीत. रोपे पावसाच्या आरंभी, भरपूर ऊन लागेल अशा जागी, भिंतीपासून दूर लावावीत. तामण मोठा वृक्ष होतो, हे विसरू नये. तो ओलाव्याचा भुकेला आहे. माळव्यासारख्या कोरड्या प्रदेशात पहिले काही उन्हाळे त्याला पाणी द्यावेच लागेल. तुरे नव्या फांद्यांच्या टोकाशी येतात, त्यामुळे पालवी फुटल्यावर शेंडे छाटू नयेत. बियांपासून वाढवलेल्या झाडाला फुले येण्यास काही वर्षे लागतात. तोवर, हिवाळ्यात गळण्यापूर्वी तांबूस होणारी त्याची पानेच पाहावी लागतील.