पृथ्वीच्या पोटाची बातमी

विहीर खणताना आधी माती लागते, मग मुरूम आणि मग काळा पाषाण. त्याच्याही खाली काय असेल, हा प्रश्न कोणाच्याही मनात येतो. पृथ्वीचा मध्य येथून सुमारे 6371 किलोमीटर खोल. माणसाने पाडलेले सर्वांत खोल छिद्र रशियातील कोला द्वीपकल्पावरचे. ते 1989 साली 12,262 मीटरपर्यंत गेले. आंब्याची सालसुद्धा पुरती भेदली नाही म्हणायची! तरी आतली कोय कशी आहे हे आपल्याला कळले. ते कसे, ते आज पाहू.

पहिला पुरावा वजनाचा. 1798 साली इंग्लंडमधील हेन्री कॅव्हेंडिश याने प्रयोगाने दाखविले की, पृथ्वी तेवढ्याच आकाराच्या पाण्यापेक्षा सुमारे साडेपाच पट जड आहे. आपला काळा पाषाण भरतो जेमतेम तिप्पट. तेव्हा पोटात काहीतरी फार जड दडलेले असले पाहिजे.

पण ते कोठे आणि कसे? कलिंगड घेताना आपण ते बोटांनी वाजवून पाहतो. पृथ्वीला अशी टिचकी मारतो भूकंप. 12 जून 1897 रोजी आसामात मोठा भूकंप झाला; दीड हजारांवर माणसे गेली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याचा कसून अभ्यास केला. दूर युरोपातल्या यंत्रांवर उमटलेल्या नोंदींत त्यांना निरनिराळ्या लहरी ओळखता आल्या. पुढे 1906 साली त्यांनी दाखविले की, पृथ्वीच्या मध्याजवळून जाणाऱ्या लहरी उशिरा पोहोचतात. म्हणजे आत वेगळ्या द्रव्याचा गाभा आहे.

1909 साली झाग्रेबजवळ भूकंप झाला. तेथील मोहोरोविचिच यांना एकाच धक्क्याच्या लहरी दोनदा आलेल्या दिसल्या. आता असे पाहा, एक गाडी कच्च्या वाटेने सरळ निघाली आणि दुसरी थोडा वळसा घेऊन पक्क्या सडकेने. लांबच्या गावाला दुसरीच आधी पोहोचेल, नाही का? तसेच खाली अधिक दाट खडक होता. वरच्या थराला आपण भूकवच म्हणतो आणि त्याखालच्या थराला प्रावरण. भूकवच समुद्राखाली पाचदहा किलोमीटर, तर जमिनीखाली सरासरी तीसचाळीस किलोमीटर जाड असते.

गाभा सुमारे 2900 किलोमीटरवर सुरू होतो, हे गुटेनबर्ग यांनी काढले. आडव्या हेलकाव्याच्या लहरी त्यातून पार जात नाहीत. दोर झटकला की लाट पुढे सरकते. पाण्याच्या पोटातून तसा हेलकावा जात नाही. त्यावरून आणि इतर पुराव्यावरून जेफ्रीज यांनी 1926 साली गाभा द्रव असल्याचे सांगितले. मात्र 1929 च्या न्यूझीलंडमधील भूकंपाच्या काही क्षीण लहरी नको तेथे उमटल्या होत्या. डेन्मार्कच्या इंगे लेमान या बाईंनी त्या दुर्लक्षिल्या नाहीत. 1936 साली त्यांनी दाखविले की, गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे. तो घट्ट आहे, हे पुढे सिद्ध झाले. तेथे 5000 अंशांहून अधिक उष्णता आहे. पण दाब इतका प्रचंड की लोखंड वितळू शकत नाही. बाहेरच्या द्रव लोखंडाच्या हालचालीतून पृथ्वीचे चुंबकत्व निर्माण होते.

पुष्कळांना वाटते की, जमिनीखाली सगळा लाव्हाच उकळतो आहे. तसे नाही. प्रावरण बहुतांशी घट्ट खडकच आहे. फक्त लाखो वर्षांत तो अगदी सावकाश सरकतो.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेने आपल्यालाही रडविले. त्याच भागात गोठणे येथे पुढे सुमारे 3 किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले, ते तेथल्या धक्क्यांचे मूळ शोधण्यासाठीच. शिक्षकबंधूभगिनींनो, थरांची नावे मुलांकडून पाठ करून घ्याच. पण ती बातमी कोणत्या संकटांतून आणि किती धीराने मिळविलेली आहे, तेही त्यांना सांगा.