दोन पांढरी

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे जुन्या माणसांनी दोन भाग केले आहेत : काळी आणि पांढरी. काळीत पिके घ्यायची आणि पांढरीवर घरे बांधायची. ही पांढरी माती मुळात पांढरी नसते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख, पडलेल्या भिंतींची माती, शेणाचा सडा, उष्टेखरकटे, फुटलेली मडकी हे सगळे एकावर एक साचत जाते, आणि हजार-दोन हजार वर्षांत त्याचे टेकाड बनते. खानदेशात धाब्याची घरे होती तेव्हा पावसाळ्याच्या तोंडी धाब्यावर माती चढवण्याची लगबग असे, आणि ती माती बहुधा जवळच्या पांढरीतून बैलगाडीने यायची. पाणी अडवायला ती उत्तम. तिच्याबरोबर खापरे यायची, कधी एखादा मणी यायचा, तो घरातल्या पोराच्या गळ्यात जायचा. असा आमचा इतिहास कित्येक वर्षे धाब्यावर चढत होता आणि पन्हाळीतून वाहून जात होता.

शहाद्याला लागून वाहणारी गोमाई पुढे प्रकाशे गावापाशी तापीला मिळते. प्रकाशे (बोलण्यात आम्ही ‘प्रकाशा’च म्हणतो) हे खानदेशाची दक्षिणकाशी म्हणून सर्वांना ठाऊक आहे. केदारेश्वर, संगमेश्वर आणि घाटावरची इतर शिवालये, बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत आला की भरणारी गौतमेश्वराची जत्रा, श्राद्धकर्मासाठी येणारी माणसे, हे सारे वाचकांनी ऐकलेले किंवा पाहिलेले असेल. पण संगमाच्या काठी उभ्या असलेल्या टेकाडाकडे यात्रेकरूंचे सहसा लक्ष जात नाही. तिथे दर्शन नाही, प्रसाद नाही. असलाच तर पाय घसरण्याचा धोका तेवढा आहे.

१९५४-५५ च्या हंगामात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे बालकृष्ण थापर आपली माणसे घेऊन या टेकाडावर आले. हेच थापर पुढे राजस्थानातल्या कालीबंगनच्या उत्खननात होते आणि शेवटी खात्याचे महासंचालक झाले. त्यांनी प्रकाशे निवडले त्याला कारण होते. उत्तरेतून माळव्यामार्गे दक्षिणेत उतरायचे तर तापीचे खोरे टाळता येत नाही. ज्या वाटेने पुढे व्यापारी आले, फौजा आल्या, त्याच वाटेने त्याआधी कोण आले होते? माळव्यातली रंगीत भांडी आणि दख्खनमधली रंगीत भांडी यांचे नाते काय? याचे उत्तर दोहोंच्या मध्ये असलेल्या गावातच मिळण्याचा संभव होता.

उत्खनन म्हणजे खजिन्यासाठी खणणे नव्हे, हे मुलांना मुद्दाम सांगायला हवे. खड्डा सरळ कडांचा घेतात आणि थर एकेक करून उतरवतात. वरचा थर नवा, खालचा जुना. खड्ड्याची उभी भिंत म्हणजे एखाद्या वाड्याची वंशावळच. फरक इतकाच, की येथे पणजोबा सर्वांत खाली असतात. प्रकाश्याच्या वंशावळीत अशा चार पिढ्या निघाल्या. सर्वांत खाली ताम्रपाषाण युगातले लोक : तांबे जाणणारे, पण कापायला-चिरायला गारगोटीच्या जातीच्या दगडाची नाजूक पाती वापरणारे. त्यांचा काळ ख्रिस्तपूर्व सतराशेच्या सुमारास सुरू होतो. प्रथम त्यांच्या भांड्यांवर माळव्याची छाप दिसते. मग त्यांत दोन नवे पाहुणे मिसळतात : नगर जिल्ह्यातल्या जोर्वे गावावरून जिला नाव मिळाले ती जोर्वे पद्धतीची भांडी, आणि गुजरातेतल्या रंगपूरला सापडते तशी चकचकीत तांबडी भांडी. म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वीही या संगमावर माळवा, गुजरात आणि महाराष्ट्र एकत्र येत होते. आमच्या बोलीत आजही या तिन्हींची सरमिसळ आहे, तेव्हा या शोधाने आम्हांला फारसे आश्चर्य वाटायला नको.

त्यानंतर मध्ये काही शतके गाव ओस पडले. पुन्हा वस्ती झाली ती लोखंड वापरणाऱ्यांची, ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाच्या आसपास. त्यांच्या उत्तरकाळात गंगेच्या खोऱ्यातली काळी, आरशासारखी झिलई दिलेली भांडीही इथवर पोचली. त्याच्यावर सातवाहनकाळ आणि त्यानंतरची शतके, आणि सर्वांत वर इसवी सनाच्या सहाव्यापासून अकराव्या शतकापर्यंतचा थर. ‘एन्शंट इंडिया’ या खात्याच्या इंग्रजी नियतकालिकात थापरांनी याचा सविस्तर वृत्तान्त दिला आहे. महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासावर लिहिणाऱ्या कोणालाही प्रकाश्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही.

आता वाचकांनी माझ्याबरोबर एकदम साडेतीन हजारांहून अधिक किलोमीटर ईशान्येला यावे.

चीनमध्ये शीआन नावाचे शहर आहे. जुन्या काळी त्याला चांगआन म्हणत. ह्युएन त्संग याच नगरातून निघून हिंदुस्थानात आला. सातव्या शतकात, पुलकेशीच्या अमदानीत, तो महाराष्ट्रात होता, आणि येथले लोक मानी, उपकार न विसरणारे व अपमानही न विसरणारे आहेत, असा अभिप्राय त्याने नोंदवला. महाराष्ट्रातून तो नर्मदेपलीकडे भडोचकडे गेला. त्यासाठी तापी त्याला कोठेतरी ओलांडावीच लागली असणार. प्रकाश्याचा चौथा थर तेव्हा नुकता साचू लागला होता. इसवी सन ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन तो चांगआनला परतला.

या शीआनच्या पूर्वेला एक लहानशी नदी वाहते. तिचे नाव ‘छान’. मराठी माणसाला हे नाव विसरणे अशक्य! तिच्या काठच्या बानपो गावी १९५३ मध्ये वीजघराचे बांधकाम चालू असता जमिनीतून रंगीत खापरे निघाली. काम थांबले. १९५४ साली, म्हणजे थापर प्रकाश्यात आले त्याच साली, शी शिंगबांग या संशोधकाच्या देखरेखीखाली तेथे उत्खनन सुरू झाले आणि १९५७ पर्यंत चालले. थापर आणि शी दोघेही तेव्हा तिशीच्या आसपासचे होते. एकाला दुसऱ्याचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दोघेही नदीकाठच्या पांढरीत गुडघे टेकून ब्रशाने माती झाडत होते.

बानपोचे गाव आपल्या प्रकाश्याहून पुष्कळच जुने, सहा हजार वर्षांच्याही पलीकडचे. तांबे नाही, फक्त दगड, हाड आणि माती. वस्तीभोवती पाच-सहा मीटर खोल खंदक होता. घरे काही चौकोनी, काही गोल. कित्येकांची जमीन अर्धीअधिक भूमीत उतरलेली, म्हणजे थंडीत ऊब राहावी. घराच्या मध्यभागी चूल. सामानासाठी खणलेली दोनशेहून अधिक पेवे. (पेव हा शब्द आता शहरातल्या मुलांना ‘पेव फुटले’ एवढ्यापुरताच माहीत असतो, बानपोला खरे पेव पाहायला मिळते.) भांडी भाजायच्या भट्ट्या खंदकापलीकडे, गावाला आग लागू नये म्हणून. धान्य कोणते? राळा. आपल्या आजीने उपासमारीच्या वर्षी किंवा व्रताच्या दिवशी शिजवला असेल, तोच.

उत्खनन संपल्यावर चिनी लोकांनी एक गोष्ट केली. त्यांनी खड्डे बुजवले नाहीत. वस्तीच्या एका भागावर भलेमोठे छप्पर घातले आणि १९५८ मध्ये तेथेच संग्रहालय उघडले. अतिप्राचीन वस्तीच्या जागेवरच उभारलेले चीनमधले हे पहिले संग्रहालय. प्रवासी दारावर तिकीट काढतो, आत शिरतो, आणि कठड्याशी उभा राहून खाली पाहतो. खाली गाव आहे : खांब रोवल्याच्या भोकांचे गोल, चुलीचे काळे डाग, पेवांची तोंडे. बरोबरचा वाटाड्या बोटाने दाखवत जातो : हे दार, येथे चूल, येथे निजत असावेत. शेजारच्या दालनांत भांडी. त्यांत एका वाडग्याच्या आतल्या अंगावर माणसाचा वाटोळा चेहरा काढला आहे आणि त्याच्या दोन्ही कानांशी मासे आहेत. कोणी म्हणतो हा देव, कोणी म्हणतो हा मांत्रिक. मला तो मासे खाऊन तृप्त झालेला गृहस्थ वाटतो, पण माझ्या मताला कोणी विचारलेले नाही.

वाटाड्याचे सगळे ऐकावे, पण सगळेच गाठीला मारू नये. बानपोत कित्येक वर्षे असे सांगत, की येथे मातृसत्ता होती, घर बाईच्या नावाने चाले. त्याला एक आधार दाखवत. लहान मुलांची हाडे येथे मडक्यांत पुरलेली सापडली, पण एका तीन-चार वर्षांच्या मुलीला मात्र मोठ्या माणसासारखे, फळ्या लावून पुरले होते आणि बरोबर मणी, भांडी ठेवली होती. पण एंगल्सच्या ग्रंथात समाजाच्या ज्या पायऱ्या सांगितल्या होत्या, त्या बानपोच्या मातीत सापडायलाच हव्यात, अशी तेव्हाची गरजही होती. पुढे चिनी व परक्या अभ्यासकांनी यावर शंका घेतल्या. एका मुलीच्या आईबापांनी तिच्यावर फार माया केली एवढेच त्या थडग्यावरून खात्रीने म्हणता येते, आणि मला वाटते तेवढे पुरेसे आहे.

या मडक्यांतल्या मुलांपाशी मात्र मराठी वाचकाने थांबावे. बानपोतले लोक मूल वारले तर त्याला मोठ्या मडक्यात ठेवून वर वाडगा झाकत आणि घराजवळच पुरत. कित्येक वाडग्यांच्या बुडाला लहानसे भोक आहे; त्यातून जीवाने ये-जा करावी म्हणून ते ठेवले, असे अभ्यासक मानतात. आता आपल्याकडे या. १९५४ सालीच (हे साल काही सोडतच नाही) डॉ. हसमुख सांकलियांनी प्रवरेकाठी नेवाशाला उत्खनन सुरू केले. तेथे, आणि पुढे दायमाबादला, पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला, जोर्वे काळातल्या घरांच्या जमिनीखाली मुलांची अशीच दफने मिळाली : दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून, आत मूल, जवळ एखादे वाडगे किंवा तोटीचे भांडे. मोठी माणसेही घरातच पुरत, पण इनामगावला त्यांची पावले घोट्यापासून तोडलेली दिसतात. मेलेल्या माणसाने उठून चालू लागू नये ही भीती. मुलांची पावले मात्र कोणी तोडली नाहीत. आणि त्यांना दूर न्यायचे नाही, चुलीच्या उबेत ठेवायचे, हे छान नदीच्या काठी आणि प्रवरेच्या काठी, सुमारे तीन हजार वर्षांच्या अंतराने, एकमेकांना कधीही न भेटलेल्या आयांना सुचले होते.

प्रकाश्याच्या टेकाडावर छप्पर चढले नाही. याबद्दल थापरांना दोष देण्यात अर्थ नाही. देश नवा होता, खात्यापुढे हडप्पा हातचे गेल्यानंतर नवी स्थळे शोधण्याचे काम होते, आणि उघडे ठेवलेले खड्डे तापीच्या पावसाळ्यात चार वर्षेही टिकले नसते. वस्तू अभ्यासासाठी गेल्या, वृत्तान्त इंग्रजीत छापला गेला. पण त्यामुळे झाले असे, की शीआनचे शाळकरी पोर आपल्या गावाचा सहा हजार वर्षांपूर्वीचा उंबरठा पाहून येते, आणि शहाद्याच्या पोराला प्रकाश्याचे जोर्वे खापर कसे दिसते हे पुस्तकातल्या काळ्या-पांढऱ्या चित्रावरून ओळखावे लागते. पुस्तकही मिळाले तर.

आणि येथल्या माणसाला जुन्या वस्तूची कदर नाही असे म्हणणाऱ्यांनी १९७४ साल आठवावे. त्या वर्षी मार्चमध्ये शीआनजवळच्या शेतकऱ्यांनी विहीर खणताना सम्राट छिन शी ह्वांगचे मातीचे सैन्य शोधले. १९७९ मध्ये तेथे संग्रहालय उघडले आणि सारे जग तिकिटाच्या रांगेत उभे राहिले. १९७४ मध्येच नगर जिल्ह्यातल्या दायमाबादला छबू लक्ष्मण भिल यांना झुडपाच्या बुडाशी खणताना काशाच्या चार मूर्ती मिळाल्या : हत्ती, गेंडा, रेडा, आणि बैल जुंपलेला रथ, त्यावर उभा सारथी. चारींचे मिळून वजन साठ किलोंच्या वर. मोडीच्या भावाने विकल्या असत्या तरी गरिबाच्या घरात दोन वर्षांचे दाणे आले असते. त्या मुशीत गेल्या नाहीत. आज मुंबई-दिल्लीच्या संग्रहालयांत काचेमागे आहेत.

दिवाळीच्या सुटीत चीनला जाणे सर्वांना जमणार नाही. पण धुळ्याला इतिहासाचार्य राजवाडे संशोधन मंडळ आहे. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच गेले, आणि पुढल्याच महिन्यात त्यांच्या चाहत्यांनी हे मंडळ उभे केले. दप्तरांबरोबर तेथे मूर्ती व जुन्या वस्तूंचाही संग्रह आहे. मुंबईला गेलात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांनी दिलेला चिनी-जपानी वस्तूंचा संग्रहही पाहावा. तेथे तिकीटही आहे आणि माहिती सांगणारी सोयही.

आणि प्रकाश्याला तर जाणे होतेच. संगमावर स्नान झाले, केदारेश्वराचे दर्शन झाले, की टेकाडाच्या बाजूने सावकाश चालावे. पावसाने धुपलेल्या उतारावर खापरे दिसतील. बहुतेक अलीकडची, जाड, खरबरीत. क्वचित एखादे पातळ, तांबूस-नारिंगी असेल, त्यावर काळ्या रंगात बारीक तिरक्या रेघा. उचलून घरी आणू नये. जागेवरून हलले की ते मुके होते. वाकून नखाने टिचकी मारावी. जोर्वेचे खापर भट्टीत इतके नीट भाजलेले असते, की ते धातूसारखे खणकन वाजते.