राख, चिंच आणि शुद्धी

भांडी घासण्यालाही इतिहास आहे, असे म्हटले तर पुष्कळांना ती थट्टा वाटेल. लढाया, तह आणि राज्यारोहणे म्हणजे इतिहास. मोरीत बसून तपेली घासणे हा काही इतिहास नव्हे, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. परंतु मनुष्य जे काम रोज करतो, त्यातच त्याच्या ज्ञानाची आणि अज्ञानाचीही खरी परीक्षा होते, असे आम्हांस वाटते.

आपल्या जुन्या स्वयंपाकघरातील पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. तेलातुपाच्या भांड्याला चुलीतील राख, तांब्यापितळेला चिंचेचा चोथा किंवा लिंबाची साल आणि मीठ, आणि घासावयास नारळाची शेंडी. हे शास्त्र कोणी शाळेत शिकविले नाही. ते सासूने सुनेला आणि आईने मुलीला मोरीतच दाखविले.

तरी या पद्धतीची नोंद ग्रंथांत नाही असे नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे प्रकरण आहे. तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील आणि शिसे यांची भांडी क्षार, आम्ल आणि पाणी यांनी यथायोग्य स्वच्छ करावीत, असे तेथे सांगितले आहे. यज्ञातील तुपाने माखलेल्या पळ्या ऊन पाण्याने धुवाव्यात, असेही सांगितले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत काशासाठी राख आणि पाणी सांगितले आहे. सुश्रुताने तर वनस्पती जाळून त्यांची राख पाण्यात कालवावी, ते पाणी एकवीस वेळा गाळावे आणि आटवून क्षार सिद्ध करावा, असा विधीच दिला आहे. त्याचा हेतू शस्त्रकर्माचा होता. पण क्षार मिळविण्याची रीत तीच.

या रीतीत तथ्य काय, हे युरोपातील रसायनशास्त्राने पुढे उलगडले. लाकडाच्या राखेतील जो भाग पाण्यात विरघळतो, त्यात मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असते. ते तेलकटपणावर क्रिया करते, थोडासा साबणच जागच्या जागी तयार होतो, आणि राखेचे बारीक कण घासण्याचे काम करतात. युरोपातही राखेचे पाणी भांड्यात आटवून क्षार काढीत, म्हणून त्याला ‘पोटॅश’, म्हणजे भांड्यातील राख, हे नाव पडले. हंफ्री डेव्ही याने १८०७ साली विद्युत्प्रवाहाने त्यातून नवे मूलद्रव्य वेगळे केले आणि त्याला पोटॅशियम म्हटले. चिंचेतील आंबटपणा मुख्यतः टार्टारिक आम्लाचा. ते आम्ल शेले या स्वीडिश रसायनज्ञाने १७६९ साली शुद्ध रूपात मिळविले. तांब्यावर चढलेला काळा-हिरवा थर ते विरघळवते, म्हणून चिंच लावताच घंगाळ लखलखते. शेले आणि डेव्ही यांची नावे ग्रंथांत आली, ती योग्यच आहे. चिंच प्रथम कोणाच्या हाताने तांब्याला लागली, ते नाव मात्र कोठेही नाही.

महाराष्ट्रात क्षाराचे एक प्रसिद्ध स्थान आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे उल्कापाताने झालेले विवर असून त्यातील तळे अतिशय क्षारयुक्त आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘आईन-इ-अकबरी’त, काच आणि साबण करावयास लागणारी द्रव्ये तेथे मिळतात, अशी नोंद आहे.

परंतु जे जुने ते सर्वत्र लागू, असे मानणे चूक ठरेल. जे आम्ल भांड्याचा थर काढते, तेच आम्ल भांड्यात राहिले तर तांबे अन्नात उतरवते. पितळेत ठेवलेले ताक कळकते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. कल्हईवाल्याची गरज त्यासाठीच होती. पुढे धातूच बदलले. ॲल्युमिनियम आले, आणि १९१३ साली शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली याने न गंजणारे पोलाद तयार केले. गॅसची शेगडी आली, तशी घरातील राखच संपली. ॲल्युमिनियमला तीव्र क्षार सोसत नाही. धुण्याच्या सोड्याने ते झिजते. उलट कुकरच्या पाण्यात लिंबाची साल टाकली की त्याचे पोट काळे पडत नाही. विजेच्या किटलीत जमणारा पांढरा थर चुन्याच्या क्षारांचा. तो लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने निघतो. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस पाहण्यात मात्र अर्थ नाही. ती दोन्ही एकमेकांचा जोर मारतात. तात्पर्य, क्षार कोठे आणि आम्ल कोठे हा जुना विवेक आजही खरा आहे. बदलली आहेत ती भांडी.

आता जरा कटू गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ज्या ग्रंथाने तांब्यासाठी इतका समंजस नियम सांगितला, त्याच ग्रंथाने माणसांतही शुद्ध-अशुद्ध असा भेद केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहस्रावधी अनुयायी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी १०८ घागरी, शेण, गोमूत्र, दूध आणि दही घेऊन मंत्रघोषात त्या तळ्याची ‘शुद्धी’ केली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. तांब्यावरचा थर डोळ्यांना दिसतो आणि चिंचेने निघतो. तळ्यात मात्र निघण्यासारखे काही नव्हतेच. मळ होता तो शुद्धी करणाऱ्यांच्या मनात, आणि त्याला कोणताही क्षार लागू पडत नाही.

ही गोष्ट १९२७ सालीच संपली, असे म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही. आजही कित्येक घरांत भांडी घासणारी बाई घरातील प्रत्येक ताट-वाटी आपल्या हाताने स्वच्छ करते. त्याच ताटांत घरची माणसे जेवतात. आणि तिला चहा द्यावयाचा तो मोरीच्या कडेला पालथ्या घातलेल्या वेगळ्या कपात. तिच्या हाताने भांडी शुद्ध होतात, आणि तिच्या ओठाने कप बाटतो! या हिशेबात क्षार नाही, आम्ल नाही आणि विवेक तर नाहीच. स्वच्छतेचा इतिहास अभ्यासून आपणांस काही शिकावयाचे असेल, तर तो वेगळा कप आज घरी गेल्यावर इतर कपांत मिसळून ठेवावा, एवढेच आमचे सांगणे आहे.