ताइशोकु दाइको

ताइशोकु दाइको ही जपानमधील एक सशुल्क सेवा आहे. जपानी भाषेत ‘ताइशोकु’ म्हणजे नोकरी सोडणे आणि ‘दाइको’ म्हणजे दुसऱ्याच्या वतीने एखादे काम पार पाडणे. ही सेवा देणारी खासगी कंपनी, कामगार संघटना किंवा वकील कर्मचाऱ्याच्या कार्यालयाशी संपर्क साधून तो नोकरी सोडत असल्याचे कळवतात. कर्मचाऱ्याला वरिष्ठांसमोर उभे राहावे लागत नाही आणि बहुतेक प्रकरणांत तो त्या दिवसापासून कामावर जातही नाही. अतिकाम, वरिष्ठांकडून होणारा छळ किंवा ढासळलेले मानसिक स्वास्थ्य यांमुळे नोकरी सोडण्याची गरज भासते, परंतु ती गोष्ट स्वतः सांगता येत नाही, असे लोक प्रामुख्याने या सेवेकडे वळतात. खासगी कंपन्यांचे शुल्क साधारणतः २० ते ३० हजार येन असते. वकिलांचे शुल्क याहून अधिक असते.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधील मोठ्या कंपन्यांत आजीवन नोकरीची पद्धत रूढ झाली. भारताप्रमाणेच जपानचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. त्याच दिवशी नवे पदवीधर एकत्रितपणे कंपनीत रुजू होत आणि निवृत्तीपर्यंत तेथेच राहत. पगार व पद सेवेच्या वर्षांनुसार वाढत असल्याने मध्येच नोकरी सोडणे आर्थिकदृष्ट्या तोट्याचे होते. सहकाऱ्यांवर कामाचा बोजा टाकून जाणे हे सामाजिकदृष्ट्याही अप्रतिष्ठेचे मानले जाई. १९९० च्या दशकातील मंदीनंतर आजीवन नोकरीची हमी बरीच ओसरली. निष्ठेची अपेक्षा मात्र फारशी कमी झाली नाही.

या व्यवस्थेची सर्वांत गंभीर किंमत ‘कारोशी’, म्हणजे अतिकामामुळे होणारा मृत्यू, या शब्दातून व्यक्त होते. १९८८ मध्ये जपानी वकिलांनी कारोशीच्या पीडितांसाठी दूरध्वनी सल्लासेवा सुरू केली. २००१ पासून शासकीय निकषांनुसार, हृदयविकार किंवा मेंदूतील रक्तस्राव होण्याआधीच्या एका महिन्यात सुमारे १०० तास, किंवा दोन ते सहा महिन्यांत दरमहा सरासरी ८० तासांहून अधिक जादा काम झाले असल्यास त्या आजाराचा कामाशी दृढ संबंध मानला जातो. कारोशी प्रतिबंधासाठी २०१४ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. २०१५ च्या डिसेंबरमध्ये एका मोठ्या जाहिरात कंपनीतील २४ वर्षांच्या कर्मचारी तरुणीने आत्महत्या केली. पुढील वर्षी हा मृत्यू कामामुळे झाल्याचे शासनाने मान्य केले, तेव्हा हा प्रश्न राष्ट्रीय चर्चेचा विषय बनला. कर्मचाऱ्यांना राबवून घेऊन टाकून देणाऱ्या कंपन्यांसाठीचा ‘ब्लॅक कंपनी’ हा शब्द त्याआधीच, २०१३ मध्ये, जपानमधील त्या वर्षीच्या गाजलेल्या शब्दांच्या यादीत आला होता.

कायदेशीर स्थिती

या सेवेविषयी प्रथमच वाचणाऱ्यास असे वाटू शकते की जपानमध्ये नोकरी सोडणे कायद्याने कठीण असावे. वस्तुस्थिती उलट आहे. १८९६ च्या नागरी संहितेतील कलम ६२७ नुसार, मुदत ठरलेली नसलेल्या नोकरीत कर्मचारी केव्हाही राजीनाम्याची सूचना देऊ शकतो आणि सूचना दिल्यापासून दोन आठवड्यांनी करार संपुष्टात येतो. त्यासाठी नियोक्त्याच्या मंजुरीची गरज नसते आणि कारण सांगण्याचेही बंधन नसते. मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्यालाही ‘अपरिहार्य कारण’ असल्यास कलम ६२८ नुसार मुदतीपूर्वी करार संपवता येतो. करार मोडल्यास अमुक रक्कम भरावी लागेल अशी अट आधीच घालून ठेवण्यास १९४७ च्या श्रम मानक कायद्याचे कलम १६ मनाई करते. सरकारी कर्मचाऱ्यांना मात्र वेगळे नियम लागू आहेत. त्यांचा राजीनामा नियुक्ती अधिकाऱ्याच्या मान्यतेनंतरच अमलात येतो.

व्यवहारात हा हक्क कसा निष्प्रभ होतो, हे दोन कागदांच्या नावांवरून समजते. जपानमध्ये राजीनाम्याचे पत्र दोन प्रकारचे असते. ‘ताइशोकु नेगाइ’ म्हणजे नोकरी सोडू देण्याची विनंती आणि ‘ताइशोकु तोदोके’ म्हणजे नोकरी सोडत असल्याची सूचना. कायद्याला दुसरी पुरेशी असते, परंतु शिष्टाचार पहिलीची अपेक्षा करतो. विनंती आली की ती नाकारण्याला, लांबवण्याला आणि समजूत घालण्याला वाव मिळतो. बदली माणूस मिळेपर्यंत थांबा, नुकसानभरपाई मागू, कुटुंबीयांना कळवू अशी उत्तरे मिळाल्याच्या तक्रारी नेहमीच्या आहेत. झोप उडालेला, थकलेला किंवा छळ सोसत असलेला माणूस अशा वेळी स्वतःचा हक्क बजावण्याच्या स्थितीत क्वचितच असतो. ताइशोकु दाइको नवा हक्क देत नाही. असलेला हक्क उच्चारण्याचे काम ती दुसऱ्याकडे सोपवते, आणि तिच्या शुल्काचे मोल तेवढेच आहे.

कार्यपद्धती

ग्राहक बहुधा भ्रमणध्वनीवरील संदेशसेवेद्वारे संपर्क साधतो, कामाचे स्वरूप व शिल्लक रजा कळवतो आणि शुल्क भरतो. ठरलेल्या दिवशी, पुष्कळदा सकाळी कार्यालय उघडताच, प्रतिनिधी कंपनीला दूरध्वनी करतो. राजीनाम्याची सूचना टपालाने पाठवली जाते. ओळखपत्र, चाव्या, गणवेश इत्यादी वस्तूही टपालानेच परत केल्या जातात. दोन आठवड्यांच्या सूचनाकाळात शिल्लक भरपगारी रजा घेण्यात येते. त्यामुळे कायद्याचा भंग न करता कामावरची उपस्थिती त्याच दिवशी संपते. कर्मचाऱ्याशी थेट संपर्क साधू नये अशी विनंती प्रतिनिधी करतो, परंतु ती कंपनीवर बंधनकारक नसते.

प्रसार

या सेवेचे आजचे स्वरूप २०१७ च्या सुमारास टोकियोत स्थापन झालेल्या ‘एक्झिट’ या कंपनीमुळे परिचित झाले. त्यानंतर अनेक कंपन्या या क्षेत्रात आल्या. त्यांपैकी २०२२ मध्ये सुरू झालेल्या एका सेवेचे नाव ‘मोमुरी’ आहे. ‘आता नाही जमत’ या अर्थाच्या बोलीतील उद्गारावरून ते घेतले आहे, आणि ग्राहकाच्या मनःस्थितीचे इतके नेमके वर्णन करणारे व्यापारी नाव विरळाच. एप्रिल-मे महिन्यांत मागणी विशेष वाढते. एप्रिलमध्ये रुजू झालेले नवे कर्मचारी मेच्या आरंभीच्या ‘गोल्डन वीक’ सुट्ट्यांनंतर कामावर परतू शकत नाहीत. या अवस्थेला जपानीत पूर्वीपासूनच ‘मे महिन्याचा आजार’ असे म्हटले जाते. मायनावी या रोजगारविषयक कंपनीने २०२४ मध्ये केलेल्या सर्वेक्षणात, मागील वर्षभरात नोकरी बदललेल्यांपैकी १६.६ टक्के लोकांनी अशी सेवा घेतल्याचे आढळले. कंपनीने अडवून धरले किंवा धरेल अशी भीती, हे त्यांनी सर्वाधिक सांगितलेले कारण होते.

मर्यादा व टीका

वकील कायद्याच्या कलम ७२ नुसार वकील नसलेल्या व्यक्तीस मोबदला घेऊन दुसऱ्याच्या वतीने कायदेशीर वाटाघाटी करता येत नाहीत. त्यामुळे खासगी कंपनी केवळ निरोप पोहोचवू शकते. थकीत पगार, जादा कामाचा मोबदला किंवा छळाबद्दलची भरपाई मागणे तिच्या अधिकारात येत नाही. कामगार संघटनेला सामूहिक सौदाशक्तीच्या हक्कामुळे वाटाघाटी करता येतात, आणि न्यायालयीन दावा करायचा असल्यास वकीलच लागतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये टोकियो पोलिसांनी या कायद्याच्या भंगाच्या संशयावरून एका मोठ्या सेवा कंपनीची झडती घेतली. पैसे घेऊन ग्राहकांना वकिलांकडे पाठवल्याचा संशय होता.

ही सेवा बेजबाबदारपणाला खतपाणी घालते, अशी टीका नियोक्त्यांकडून वारंवार होते. तिच्यात काही तथ्य असले, तरी ज्या कार्यालयात राजीनामा नीट ऐकून घेतला जातो तेथे पैसे देऊन निरोप्या पाठवण्याची गरज सहसा पडत नाही.

आजारी कर्मचाऱ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची अडचण निराळी आहे. घाईने दिलेल्या राजीनाम्यामुळे मिळू शकणारे लाभ हातचे जाऊ शकतात. कर्मचारी आरोग्य विम्यात आजारपणाचा भत्ता मिळतो. तो पगाराच्या सुमारे दोन-तृतीयांश असून एकूण दीड वर्षापर्यंत चालू राहतो. किमान एक वर्ष सलग विमाधारक असलेल्या व नोकरी सोडतेवेळी या भत्त्यास पात्र असलेल्या व्यक्तीला तो राजीनाम्यानंतरही मिळत राहतो. मात्र सेवेच्या अखेरच्या दिवशी ती व्यक्ती निरोप घेण्यासाठी म्हणून कामावर हजर राहिली, तर हा पुढील लाभ मिळत नाही. बेरोजगार विम्याचेही असेच आहे. स्वेच्छेने नोकरी सोडणाऱ्यास लाभासाठी ठरावीक काळ थांबावे लागते. एप्रिल २०२५ पासून तो काळ दोन महिन्यांवरून एक महिन्यावर आणण्यात आला. राजीनाम्यापूर्वीच्या सहा महिन्यांत सलग तीन महिने दरमहा ४५ तासांहून अधिक जादा काम झाल्याचे सिद्ध केल्यास, किंवा छळामुळे नोकरी सोडावी लागल्याचे मान्य झाल्यास, हे थांबणे टळते. त्यासाठी हजेरीच्या नोंदी, पगारपत्रके, संदेश व वैद्यकीय प्रमाणपत्र यांची गरज पडते, आणि ही कागदपत्रे कार्यालयात पाऊल ठेवणे बंद होण्यापूर्वीच जमवलेली असावी लागतात.