मुलींचें मैदान

लॅक्रॉस हा खेळ मुलींमध्यें प्रथम रुजला तो स्कॉटलंडांतील सेंट लिओनार्ड्स शाळेंत, १८९० सालीं. त्याला जाळीची काठी, चेंडू व विस्तीर्ण मैदान लागतें. आमच्या मुलींना स्पर्धेची वाट दाखविली ती खोखोनें. त्यास दोन खांब नि मोकळी जमीन पुरे. परंतु साधनांची वाण नसली, तरी परवानगीची होती. खोखोचे नियम १९२४ सालीं बडोद्यास छापले गेले. पुरुषांची पहिली अखिल भारतीय स्पर्धा १९५९-६० मध्यें विजयवाड्यास भरली. स्त्रियांना स्थान मिळालें तें पुढील वर्षीं, कोल्हापुरास. जोतिबाच्या डोंगराजवळील हें नगर कुस्तीसाठीं विख्यात. शाहू महाराजांचें खासबाग मैदान म्हणजे मर्दानी कीर्तीचें पीठच. अशा नगरींत स्त्रियांनीं राष्ट्रीय अजिंक्यपदासाठीं धांवावें, ही घटना लहान नव्हे. अंगणांतील खेळ पूर्वीं लग्नाबरोबर सुटे. स्पर्धेचा खेळ मात्र नित्य सराव व परगांवचा प्रवास मागतो, आणि दोहोंना घरची संमति लागते. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीच्या पहिल्या विश्वचषकांत प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखालीं भारतीय महिलांनीं नेपाळला ७८-४० असें हरविलें. त्या यशाचा पाया मैदानावर जितका, तितकाच “जा, खेळ” म्हणणाऱ्या घराच्या उंबरठ्यावरहि घातला गेला.