इंच इंच लढवू

पडद्याचं कापड आणायला गुलमंडीवर गेलो, तेव्हा खिशात सौ.ची चिठ्ठी होती : ‘तीन पडदे, प्रत्येकी शिवणीसकट ८४ इंच.’ दुकानदार म्हणाला, “साहेब, मीटरमध्ये सांगा.” वीस वर्षं बँकेत व्याज काढणारा मी थोडाच डगमगतो! तिन्ही मिळून सात वार. वार काय नि मीटर काय, असं म्हणून सात मीटर फाडून घेतलं. घरी साठ सेंटीमीटर कापड जास्त निघालं. “बँकेतही असंच करता का?” एवढंच सौ. म्हणाली. कापडाचा उशीला अभ्रा झाला आणि त्यावर डोकं टेकून मी इतिहासाची पुस्तकं वाचू लागलो.

पूर्वी माप अंगावरच असे. अंगुळ, वीत, हात! हरवायची भीती नाही. पण हात कुणाचा? आपल्या शहराचा, म्हणजे तेव्हाच्या खडकीचा, पाया १६१० साली घालणाऱ्या मलिक अंबरने जमिनीची प्रत पाहून सारा बांधला. पुढे शिवाजी महाराजांच्या राज्यात अण्णाजी दत्तोंनी जमीन मोजली ती काठीने. पाच हात पाच मुठींची काठी. वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद तो बिघा. आता हिशेब बघा. काठी चार बोटं आखूड झाली, तर शेत तेवढंच राहतं. बिघे मात्र वाढतात आणि त्याबरोबर साराही. काठीतली चार बोटं शेतकऱ्याच्या कणगीतून जायची. म्हणून काठी एकदाची ठरवून देणं हा मोठाच न्याय होता.

मग इंग्रजांचे फूट-इंच आले. गंमत म्हणजे त्यांचा आणि अमेरिकनांचा इंच १९५९पर्यंत केसाच्याही अंशाने वेगळा होता, मग २.५४ सेंटीमीटरवर तह झाला. आपण त्याआधीच, १९५६ साली, कायदा करून मीटर घरात आणला.

मीटर आला, पण इंच काही जागा सोडीना. टीव्ही इंचात, सदऱ्याची छाती इंचात, प्लॉट चौरस फुटात. आणि नऊवारीला ‘सव्वाआठमीटरी’ म्हणायची छाती कुणाची आहे?

परवा गजरेवाल्या मावशींनी कोपरापर्यंत मोजून हातभर गजरा दिला. मी म्हटलं, “मावशी, माझ्या हाताने मोजा की, जरा लांब आहे.”

“दुकान माझं, हात माझा!” मावशी म्हणाल्या.

तीनशे वर्षांचा इतिहास मला चार शब्दांत समजला.