साखरपुड्यातला हिरा

आमच्या वेळी साखरपुडा म्हणजे खरोखरीच साखरेचा पुडा होता. मुलीच्या ओटीत नारळ पडे, हातावर पेढा ठेवला जाई आणि चार वडीलधाऱ्यांच्या साक्षीने शब्द पक्का होई. अंगठी आलीच तर ती साध्या सोन्याची. म्हणून गेल्या श्रावणात माझा नातू जवळ येऊन बसला आणि म्हणाला, “आजोबा, हिरा निवडायला माझ्याबरोबर चला, जन्मभर इतिहास शिकवलात,” तेव्हा मला हसूच आले. पण त्याच्या पुढच्या वाक्याने ते मावळले. “दोन महिन्यांचा पगार अंगठीत घालायची रीत आहे म्हणे. थोडे कर्ज काढतो.”

“ही रीत कोणत्या पोथीत आहे रे?” मी विचारले. त्याला सांगता येईना. मग पोथ्या मीच काढून बसलो.

आपल्या पोथ्यांत हिरा पुष्कळ आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चांगल्या हिऱ्याची लक्षणे दिली आहेत: तो मोठा, वजनदार, सारख्या कोपऱ्यांचा, भांड्यावर रेघ उमटवणारा आणि तेजस्वी असावा. बुद्धभट्टाच्या रत्नपरीक्षेत सहा टोके, आठ अंगे आणि बारा धारा असलेला हिरा उत्तम मानला आहे. खाणीतून निघालेल्या हिऱ्याच्या नैसर्गिक स्फटिकाचे हे बिनचूक वर्णन होय. त्याच परंपरेत रंगावरून हिऱ्यालाही जात चिकटवली गेली. पांढरा ब्राह्मणाचा, पिवळा वैश्याचा, आणि राजाला मात्र सगळेच चालत! पण खरी मौज सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत आहे. पुत्राची इच्छा धरणाऱ्या स्त्रियांनी हिरा मुळीच घालू नये, असे काही जाणत्यांचे मत त्याने नोंदवून ठेवले आहे. वाङ्‌निश्चयाला हिरा हवाच, असे सांगणारा शास्त्रकार मला काही सापडला नाही.

ही चाल युरोपातली. १४७७ साली ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनने बर्गंडीच्या मेरीला हिऱ्याची अंगठी दिली, तो तिचा नेहमी सांगितला जाणारा आरंभ. पण तो राजघराण्यांचा मामला. त्या काळी जगाला हिरे मिळत ते मुख्यतः आपल्याकडून. सतराव्या शतकात ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या गोवळकोंड्याच्या राज्यातल्या कोल्लूरच्या खाणीपर्यंत जाऊन आला. तिथले व्यापारी अवाक्षर न बोलता, कापडाखाली हातात हात घेऊन, बोटांच्या खुणांनी सौदा कसा करत, हे त्याने वर्णिले आहे.

पुढे ब्राझीलमध्ये हिरे सापडले, आणि १८६७ पासून दक्षिण आफ्रिकेत तर ते इतके निघू लागले की हिरा दुर्मिळ राहील की नाही, हीच व्यापाऱ्यांना धास्ती पडली. १८८८ साली डी बिअर्स कंपनी उभी राहिली, ती खाणी एका हातात आणून माल बेताबेताने बाजारात सोडण्यासाठी. तरी गिऱ्हाईक हवेच. १९३८ मध्ये या मंडळींनी अमेरिकेतल्या एका जाहिरात कंपनीला हाताशी धरले, आणि १९४७ साली त्या कंपनीतल्या फ्रान्सिस गेरेटी या बाईंनी हिरा म्हणजे अक्षय प्रेम, अशा अर्थाचे चार शब्दांचे घोषवाक्य लिहिले. दोन महिन्यांच्या पगाराची रीत त्याच घराण्यातली. ती १९८० नंतरच्या जाहिरातींनी रूढ केली. तात्पर्य, माझा नातू जिला परंपरा समजत होता ती वयाने त्याच्या बापाहूनही धाकटी निघाली.

असो. पण हिरा घ्यायचाच तर पारखायचा कसा? आजची पारख चार गोष्टींची: वजन, रंग, निर्मळता आणि पैलू. वजनाचा कॅरट म्हणजे एक ग्रॅमचा पाचवा भाग. रंगात जितका बिनरंगी तितका महाग. निर्मळतेत आपले पूर्वजही काटेकोर होते. बिंदू, रेषा, काकपद असे दोष ते मोजत. मतभेद होता तो पैलूंचा. आपल्याकडे वजन राखण्याकडे कल, तर युरोपात प्रकाश खेळवण्याकडे. १८५२ साली लंडनमध्ये कोहिनूरला नव्याने पैलू पाडले, तेव्हा १८६ कॅरटांचा तो हिरा १०५ वर आला. पेशवाईच्या अखेरीस इंग्रजांच्या हाती गेलेल्या ‘नासक’ हिऱ्यावरही तिकडे हाच संस्कार झाला. १९१९ मध्ये टोल्कोव्हस्कीने पैलूंचे कोन गणिताने मांडून दाखवले: वरून शिरलेला प्रकाश वरूनच परतला पाहिजे. तेव्हा पैसा मर्यादित असेल तर वजन सोडावे, पैलू सोडू नयेत. आणि ऐरणीवर घण घालून हिरा पारखण्याच्या फंदात कोणी पडू नये. हिरा कठीण खरा, पण नेमक्या दिशेने घाव बसला तर सरळ दुभंगतो.

प्रयोगशाळेतल्या हिऱ्याचेही नातवाने विचारले. १९५४ साली अमेरिकेत तो प्रथम खात्रीने साधला. कार्बन तोच, काठिण्य तेच, साध्या डोळ्याला फरक दिसत नाही आणि किंमत कितीतरी कमी. विकणाऱ्याने तो तसा आहे हे सांगून विकावा, एवढेच.

मग मी त्याला जे कोणाला सांगितले नव्हते ते सांगितले. त्याच्या आजीची हिऱ्याची चमकी होती, तिच्या माहेरची. त्याच्या बापाच्या कॉलेजच्या फीसाठी एका वर्षी मी ती विकायला नेली. सराफाने भिंग लावले, “डाग आहे” म्हणाला आणि सोन्याच्या वजनाहून थोडेसेच अधिक पैसे हातावर ठेवले. मी घेतले. घरी मात्र चांगली किंमत आली म्हणून सांगितले. ती समाधानाने हसली. ते हसू मला अजून टोचते. “सोने मोडता येते बाळ,” मी म्हणालो, “हिरा मोडता येत नाही. जो पुन्हा विकावा लागणार नाही, तेवढाच घे.”

तो बराच वेळ गप्प बसला. कर्जाचे नाव त्याने पुन्हा काढले नाही.

पुढच्या रविवारी आम्ही तिघे दुकानात गेलो. होणारी नातसूनही होती. पाव कॅरटाचा, चांगल्या पैलूंचा एक खडा दोघांनी पसंत केला. सराफाने भिंग पुढे केले आणि कडेला एक बारीकसा ठिपका आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले. माझ्या पोटात कालवल्यासारखे झाले. पोरीने भिंगातून नीट पाहिले आणि म्हणाली, “असू दे की. माझा म्हणून ओळखता तरी येईल.”